आईचं डोकं आणि विलायती सायलेन्सर

सायलेन्सर म्हणजे आवाज कमी करणारं नळकांडं, एवढंच आमच्या घरात ठाऊक होतं. बाकीच्यांचं सोडा, मी स्वतः गोंदियाच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. पण घरात शिरताना ते विज्ञान चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायची मला सवय असावी. नाहीतर जानेवारीतल्या त्या दुपारी बाबा गाडीसकट धानाच्या तणसीच्या ढिगात शिरले नसते.

गाडी विलायती, साठेक वर्षांची, दोनच माणसं बसतील अशी. इतकी बुटकी की शेजारून बैलगाडी गेली तर आतल्या माणसाला बैलांची पोटंच दिसतात. बाबांनी आयुष्यभर राइस मिलमध्ये बॉयलर आणि वाफेच्या नळ्या सांभाळल्या. निवृत्त झाल्यावर एका जुन्या बिडी कारखानदाराच्या गोदामात, कोंड्याच्या पोत्यांमागे, ही त्यांना दिसली आणि घरी आली. आई म्हणायची, म्हातारपणी सवत आली. गाडीला कापडी टप आहे. खिडक्यांना काचा नाहीत, प्लॅस्टिकचे पडदे आहेत, बटणांनी लावायचे. उन्हाळ्यात टप उघडा असतो. थंडीत मात्र सगळं गच्च बंद.

त्या दिवशी ते सालेकशाकडून एकटेच परत येत होते. गाडी हळूहळू रस्ता सोडून शेताच्या कडेला रचलेल्या तणसीत घुसली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. बाबा म्हणाले, "झपकी लागली." पण ज्या शेतकऱ्याने त्यांना बाहेर काढलं, त्याने मला फोनवर वेगळंच सांगितलं. "डोळे उघडेच होते जी त्यायचे. आवाज देऊन राहिलो तं ओ देत नव्हते. मंग बाहेर बसवलं, ओकले, तवा बोलले."

आमच्या डॉक्टरांनी तपासलं आणि चेहऱ्यावर काही न दाखवता सांगितलं की मेंदूला रक्त कमी पडलं असण्याची शक्यता आहे, नागपूरला दाखवा. नागपूरची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली. पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला, "किल्ली काढून घे." हे सांगायला त्याचं काय जातं? मी हात पुढे केला आणि बाबांनी किल्ली दिली. जो माणूस भाजीवाल्याशी मिरच्यांच्या जातीवरून वाद घालतो, तो गप्प राहिला.

मग मी पाळतच ठेवली म्हणा ना. कप बशीवर वाजला की माझी मान वळायची. शर्टाचं बटण चुकलं की वाटायचं, झालं. भाच्याचं नाव आठवायला त्यांना दोन क्षण लागले तर मी ते क्षण मोजायची. आता वाटतं, तसं बघितलं तर धडधाकट माणूससुद्धा आजारीच दिसेल. पण तेव्हा कळत नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी बाबांच्या पायाशी कोळशाची शेगडी ठेवलेली होती. आई आली, दार लावायच्या आधी तिने शेगडी उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. मी म्हटलं, "असू दे ना थोडा वेळ, किती थंडी आहे."

"बंद खोलीत शेगडी ठेवत असतेत काय?" आई म्हणाली. "मास्तरीन असून तुले समजत नाई? डोकं धरते त्यानं. गाडीत धरते ना माहं, तसंच."

ती दार लावून स्वयंपाकघरात गेली. मी होते तिथेच उभी राहिले.

दोन हिवाळे ती हे सांगत होती. गाडीत बसलं की डोकं धरते, मळमळते. पहिल्या हिवाळ्यात बाबा म्हणाले, "तुले गाडीच आवडत नाई, सरळ सांग ना." मी काय केलं? तिचं बीपी मोजलं, चष्म्याचा नंबर बदलून आणला आणि डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी तिच्या पिशवीत टाकली. वर "आई, तू उगाच मनाला लावून घेतेस" हेही ऐकवलं. दुसऱ्या हिवाळ्यात तिने गाडीत बसणंच सोडलं. चिचगडच्या लग्नाला बाबा गाडीने गेले आणि आई एसटीने. मांडवात दोघं वेगवेगळी पोचली तेव्हा नातेवाईक हसले, बाबांनी महिनाभर अबोला धरला, आणि मी आईलाच समजावलं. उन्हाळ्यात तिचं डोकं कधी दुखलं नव्हतं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. हवा पुरेशी नसली की ज्वलन अपुरं राहतं, विषारी वायू होतो, त्याला रंग नाही, वास नाही, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि खाली रेघ मारते.

लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला आनंद झाला. दोष बाबांच्या मेंदूत नसेल, नळीत असेल! आणि लगेच भीती. नळीत नसला तर?

सकाळी बॅटरी घेऊन मी गाडीखाली शिरले. बाबा पायरीवर बसून बघत होते. सायलेन्सरची नळी इंजिनपासून मागेपर्यंत दोरीने गुंडाळलेली होती, मिलमध्ये वाफेच्या नळ्यांना गुंडाळतात त्या जाड पांढऱ्या दोरीने, वरून लिंपण. गाडीतल्या पायाखालच्या पत्र्याला गंजून भोक पडलं होतं आणि त्यावर बारदाना ठोकलेला.

"नळी फुटली होती तर सांगितलं का नाही?" मी खालूनच विचारलं.

"सांगाचं काय त्यात? फुटली, मी बांधली. आवाज बंद झाला ना?"

"आणि गळत असली तर?"

"गळली असती तं दिसली नसती काय?" बाबा चिडले. "चाळीस वर्सं वाफ सांभाळली मी. गळली का दिसते."

"ही वाफ नाही, बाबा."

मी गाडीखालून बाहेर आले तेव्हा ते उठून आत गेले होते. पाण्याचा आवाज आला. परत आले ते हात पुसत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काढा मंग सगळं."

डॉक्टरांना फोन करून विचारलं, हा नळीतल्या वायूचा परिणाम असेल का? ते म्हणाले, असू शकतं, नक्कीच असू शकतं. पण इतक्या दिवसांनी रक्तात काही सापडणार नाही. आणि हे खरं असलं तरी ते दुसरं, मेंदूचं, खोटं ठरत नाही, तेव्हा नागपूरची तारीख चुकवू नका. म्हणजे आम्ही पुन्हा होतो तिथेच.

परदेशातून मूळ नळी मागवायची तर दोन महिने. मला तेवढा दम नव्हता, मला नागपूरच्या आधी कळायला हवं होतं. बालाघाट रोडवर सायलेन्सर बनवणारा एक मिस्त्री आहे, त्याच्याकडे गाडी ओढत नेली. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ट्रॅक्टर का बनाया, बस का बनाया, मिल के जनरेटर का बनाया. ये तो खिलौना है." त्या खेळण्याची नळी इंजिनला जिथे जोडली होती, तिथे सहा नट. मिस्त्रीने पहिल्याला पाना लावला आणि त्याखालचा बोल्ट कड् करून तुटला. मिस्त्रीचं तोंड एवढंसं झालं. आणखी दोन असे तुटले तर इंजिन उघडावं लागणार, आणि मग नागपूरच्या आधी काही होत नाही.

बाबा स्टुलावरून उठले. "हट. मेनबत्ती आन."

त्यांनी गॅसच्या ज्योतीने दुसरा नट लाल केला, ज्योत बाजूला घेतली आणि मेणबत्तीचं टोक त्याच्या कडेला टेकवलं. मेण आत ओढलं गेलं. जरा थांबून पाना फिरवला. नट आला. मग तिसरा, चौथा. मिस्त्री नटाकडे बघत होता, मी बाबांच्या बोटांकडे. बोटं थरथरली तर काय समजायचं आणि नाही थरथरली तर काय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सहावा नट हातात आला तोवर माझा पदर घामाने भिजला होता, तेही जानेवारीत.

तुटलेला बोल्ट मिस्त्रीने ड्रिलने कोरून काढला. मग तार वाकवून माप घेतलं, त्या मापाने नवी नळी वाकवली, डबा चपटा बनवला, कारण आमच्या रस्त्यांवरचे गतिरोधक विलायतेतल्या माणसाने पाहिलेले नसणार. ट्रकच्या टायरचं रबर कापून त्याच्या पट्ट्यांनी तो गाडीखाली टांगला. पायाखाली नवा पत्रा मारला. तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू केलं आणि बाबांनी उदबत्ती मागितली. मिस्त्रीला वाटलं पूजा करायची आहे, त्याने नारळही काढला! बाबा गाडीखाली झोपले आणि मिस्त्रीने नळीच्या मागच्या तोंडाशी ओली चिंधी धरली, म्हणजे फट असेल तिथूनच हवा बाहेर पडेल. एकेका जोडाजवळून उदबत्ती नेली. पहिल्याच जोडाशी धूर एकदम बाजूला उडाला.

"दिसलं आता," बाबा म्हणाले. तो जोड पुन्हा खोलला, दुसरी वायसर घातली. मग धूर सरळ राहिला.

आता बसून बघायचं होतं, टप लावून, पडदे बंद करून, नाहीतर काय कळणार? बाबांना चालवू द्यायचं नव्हतं. मिस्त्री चालवणार होता आणि शेजारी मी बसणार होते. तर आई घरून ऑटोने येऊन उभी. हे तिला कोणी सांगितलं, कोण जाणे.

"डोकं कोनाचं दुखत होतं? माहं ना? मंग मीच बसीन."

ऐकायला तयारच नाही. शेवटी ठरलं की मी स्कूटीवर मागे राहायचं आणि आईने अधूनमधून मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीत हात दाखवायचा. बाबा माझ्या मागे बसले. माझ्या स्कूटीवर ते आयुष्यात पहिल्यांदा बसत होते.

पहिले काही किलोमीटर हात दिसत होता. बांगड्यांसकट. प्रत्येक वेळी बाबा म्हणायचे, "दिसला." मग एक गाव गेलं, हात नाही. एक वळण गेलं, तरी नाही. मी हॉर्न वाजवला. आईचं डोकं एका बाजूला कललेलं दिसलं. बाबांची बोटं माझ्या खांद्यात रुतली आणि ते माझ्या कानाशी ओरडले, "थांबव त्याले! थांबव!" मी स्कूटी गाडीच्या पुढे कशी घातली, मला आठवत नाही.

बाबांनी पडदा बटणांसकट उपटला. आत वाकून त्यांनी तिचं मनगट धरलं, तिला हाक मारली. माझ्या जन्मात ऐकली नव्हती ती, नावाने हाक.

आईने डोळे उघडले. "काय झालं? डोळा लागला माहा."

"अम्मा तो आराम से सो गई," मिस्त्री घाबरून म्हणाला, "मैंने उठाया नहीं."

"डोकं?" बाबांनी विचारलं.

तिने जरा विचार केला, जणू डोकं दुसऱ्या खोलीत ठेवलं होतं. "नाई. नाई दुखत." आणि मग, "हात सोडा वो, लोक पाहून राहिले." बाबांनी सोडला नाही. मी रस्त्यावर पडलेली पडद्याची बटणं वेचायला लागले.

नागपूरची तारीख आम्ही चुकवली नाही. रात्रभर कोणी झोपलं नाही, तो भाग सोडून देते. मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरले, पुन्हा धरले, आणि म्हणाले की मेंदूत काही नाही, अगदी स्वच्छ आहे. मी त्यांना गाडीचं सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. हे पटतं, म्हणाले, आणि चालवणारे वाचले हे नशीब. मग विचारलं, "त्या गाडीत आणखी कोण बसायचं?"

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत होती. तिने हात थोडा वर केला.

"तुम्हाला काही त्रास व्हायचा?"

"डोकं दुखे जी. मळमळे."

"किती दिवस?"

"दोन हिवाळे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आवाज थोडा चढला. "दोन हिवाळे! अहो, घरात मुलगी विज्ञान शिकवते म्हणता. कोणाला सांगितलं नाही तुम्ही?"

बाबा फरशीकडे बघत होते. मी टेबलावरचे फोटो पाकिटात भरायला घेतले. आईने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मांडीवरची पिशवी सारखी केली.

"नाई जी," ती म्हणाली. "कोनालेच नाई सांगतलं. माहीच चुकी झाली."