कॉम्प्युटरवरचा ओला पंचा

सांगलीत माझं इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे. सोल्डरिंग माझ्या हातात चालू असतं आणि लोक मलाच विचारतात, "मालक कुठं गेलेत?" मी सांगते, "जेवायला." त्यामुळं फलटणच्या गॅरेजवाल्यानं आप्पांच्या गाडीचा कॉम्प्युटर बघून "ताई, भंगारात द्या ही," असं म्हटलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. इंजिन चालवणारा तो कॉम्प्युटरचा डबा काढून दे म्हटलं, बाकीचं मी बघते.

आप्पा म्हणजे माझे वडील. फौजेत ट्रक चालवायचे. ते गेल्यापासून ही जुनी पेट्रोल गाडी गोठ्याशेजारी उभी होती आणि आईचंही तसंच झालं होतं. दरवर्षी म्हसवडला सिद्धनाथाला जाणारी बाई, पण एसटीनं चल म्हटलं की एकच उत्तर, "ह्यांच्या गाडीनं जाईन, न्हाईतर न्हाई." जेवण तुटलं होतं तिचं, बोलणंही. म्हसवडला नेली तर ती परत माणसांत येईल असं मला वाटत होतं. म्हणून दुकानाला कुलूप घालून गावी आले.

पडवीत सतरंजी टाकून डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. आत सगळीकडं हिरवा कळंक, पितळेच्या भांड्यात ताक राहिल्यासारखा. डॅशबोर्डखाली, डाव्या सीटच्या पायाशी बसवलेल्या डब्यात पाणी मुरलंच कसं? झाकणाच्या फटीत एक पांढरा धागा अडकला होता. चिमट्यानं ओढून काढला तेव्हा उलगडा झाला. आप्पांचा पंचा.

ही गाडी तापली की म्हसवडच्या वाटेवरच्या मोगराळे घाटात हमखास बंद पडायची. फौजेत उन्हाळ्यात ट्रक अडला की इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचं, ही आप्पांची विद्या. या गाडीत हात लावून बघितलं तर गरम काय, तर हा डबा. मग पंचा भिजवून त्याच्यावर. आई डाव्या सीटवर, म्हणून पाणी ओतायचं काम तिचं. थोड्या वेळानं गाडी चालूही व्हायची. आतला सोल्डरचा एक टाका तडकलेला होता, गार झाला की आपोआप परत टेकायचा. आप्पांना वाटायचं आपला गुण आला. औषध म्हणून बिचारे वर्षानुवर्षं विष पाजत होते तिला.

तेवढा वेळ मात्र आप्पा बोलायचे. घरात 'हूं' आणि 'न्हाई' याच्यापलीकडं तोंड न उघडणारा माणूस घाटात गाडीला टेकून आईची चेष्टा करायचा.

आई म्हणायची, "आवं, यापरीस बैलगाडी बरी."

"बैल तुझं ऐकत्यात. ही माझं ऐकती."

मागच्या सीटवर भाकरी-चटणी खात मी ऐकत बसायचे. गाडी इतक्यात चालू होऊ नये असं वाटायचं.

डबा बघून पहिल्यांदा रागच आला. आप्पा, तुमीच घालवली की हिला. मग वाटलं, भांडायला तरी माणूस हवा होता. लय हवा होता. जुना टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवून कळंक घासायला लागले, पण हात उचलेना. त्यांच्या हातचं तेवढंच तर राहिलं होतं गाडीत. तरी घासलं. कळंकानं खाल्लेल्या तांब्याच्या रेघांवर बारीक वायरी जोडल्या, तडकलेला टाका नवा घातला. आई भिंतीला टेकून बघत होती.

"व्हईल का गं?"

"होईल."

डबा परत बसवून किल्ली फिरवली, तर गाडी एका दमात चालू झाली. आई साडी बदलायला आत गेली.

घाट लागला. गाडी सुरसुर चढत होती. बंद पडायची ती वळणं एकेक करून मागं गेली आणि मी मनात स्वतःची पाठ थोपटत होते. सहज बाजूला बघितलं. आईच्या मांडीवर पाण्याची बाटली होती आणि बाटलीखाली घडी घातलेला आप्पांचा पंचा. ती मान वळवून मागच्या वळणाकडं बघत होती.

"थांबली न्हाई गं कुटं," ती म्हणाली. "चांगली केलीस." आणि परत गप्प झाली, घरी असायची तशीच.

एवढी शहाणी मी, पण कळायला तिथपर्यंत यावं लागलं. पुढच्या वळणावर गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली.

"काय झालं?"

"बंद पडली."

तिनं किल्लीकडं बघितलं, मग माझ्याकडं. बाटलीचं झाकण काढलं, पंचा भिजवला, वाकून डब्यावर घातला. मग दार उघडून खाली उतरली, गाडीला टेकली आणि रिकाम्या रस्त्याकडं बघत म्हणाली, "आवं, यापरीस बैलगाडी बरी."

पंच्याचं पाणी डब्यावरून ठिबकत होतं. मी पंचा उचलला नाही. चढू दे कळंक, परत घासीन.