चूक किती धरायची?

आमच्या मुलुंडच्या कारखान्यात कूलिंग प्लांट बनायचे. त्यात भरायचा गॅस द्रवरूप असताना त्यातून उष्णता किती सहज वाहते, हा आकडा पुस्तकात सापडला नाही की आमचा सीनियर इंजिनिअर तो उत्कलनबिंदूवरून अंदाज बांधून द्यायचा. खाली स्वतःच लिहायचा, चूक दहा टक्के. भारी तिरसट माणूस. आमच्यापैकी कुणी ‘साधारण’ म्हटलं की पेन्सिल आपटायचा. “साधारण म्हणजे काय रे? चूक किती धरायची ते बोल ना!”

एकदा स्वतःच्या बायकोचे रिपोर्ट दाखवायला जाताना तो मला सोबत घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, “साधारण दोन महिने.”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो नुसता चष्मा पुसत बसला.

जिना उतरताना मात्र त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

“साधारणच म्हणाले ना रे ते?”