डॉक्टरांना काही सापडलं नाही

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मुळशी धरणाखालच्या आमच्या खाचरात भातलावणी चालू असताना माझी छाती एकाएकी धडधडायला लागली. हातातली रोपं गळून पडली, श्वास पुरेना. आपण आत्ता मरणार, एवढंच कळत होतं. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं.

मग ते वरचेवर होऊ लागलं. सासूबाईंनी अंगारा लावला, उतारा टाकला. शेवटी मालक मला पौडला घेऊन गेले. डॉक्टरांनी नळी लावून तपासलं. "छाती ठणठणीत आहे. हिला काही झालेलं नाही," ते म्हणाले. मला रडूच फुटलं. काही झालेलं असतं, तर औषध तरी मिळालं असतं.

पुन्हा एकदा खाचरात तसंच झालं, तेव्हा थोरल्या जाऊबाई काम टाकून माझ्याजवळ बांधावर बसल्या.

"काय व्हतंय ते मला कळत न्हाई," त्या म्हणाल्या, "पर मी हितंच हाय. तू म्हनशील तवाच उठू."

चिखलाच्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं. लावणी खोळंबली म्हणून सासूबाई ओरडत होत्या, तरी त्या हलल्या नाहीत. भीती मात्र जायला लागायचा तेवढा वेळ लागलाच.

पुढं कित्येक वर्षं ते येत राहिलं. त्याला काही नाव असतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.