सातव्या भागाचा शेवट फोडला, म्हणून होटगीला

आमच्या सईची आणि तिच्या जिवलग मैत्रिणीची चार दिवस झाले बोलाचाल बंद आहे. कारण काय, तर एक जपानी कार्टून. कार्टून म्हटलेलं सईला खपत नाही. "आज्जी, ॲनिमे म्हण," म्हणते. या दोघी एकमेकींना मालिका सुचवतात आणि मग तासन्‌तास मतं देत बसतात. कुठली पहिल्या भागापासून धरून ठेवते, कुठली मधेच ढेपाळते, कुणाची चित्रं देखणी पण गोष्ट पोकळ. मी शेंगा सोलत ऐकते. परवा बोलण्याच्या भरात सईच्या तोंडून एका मालिकेचा शेवट निसटला. मैत्रीण उठली, चपला घातल्या आणि गेली. सई मला म्हणाली, "एवढ्यासाठी कुणी रुसतं का?"

रुसतं, बाई. सत्तरच्या दशकात हाच अपराध मी केला होता आणि त्याची माफी मागायला जेऊरहून पार सोलापूरच्या पलीकडं होटगीला गेले होते. या ब्लॉगवर आजवर मी डोंगर लिहिले, देवळं लिहिली. पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रवास तोच, म्हणून आज तो लिहिते.

तेव्हा आमचे हे जेऊर स्टेशनात पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायचे. क्वार्टरात आम्ही तिघं: हे, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. माझी शाळा चौथीत सुटलेली. पुढचं वाचन म्हणजे वाण्याच्या पुड्यांचे कागद. अर्धी बातमी वाचायची आणि उरलेली मनानं पुरी करायची. अशात एका पॅसेंजरचे गार्ड, त्यांना सगळे नाना म्हणत, त्यांनी एक उद्योग काढला. सोलापुरात नव्या पेठेजवळ एक भाड्यानं पुस्तकं देणारं दुकान होतं. तिथून ते चित्रमालिकांचे दोन-दोन भाग घ्यायचे आणि आपल्या पेटीत घालून लाईनीवर फिरवायचे. आधी केम, मग जेऊर, शेवटी होटगी. होटगीहून दोन्ही भाग परत आले की दुकानदार पुढचे दोन द्यायचा.

नियम एकच. वाचून झालं की पुस्तकात चिठ्ठी ठेवायची. कसं वाटलं, कुणाला आवडेल, आणि यानंतर कुठली मालिका वाचावी. खाली नाव लिहायचं नाही, स्टेशन लिहायचं. त्यामुळं केम म्हणजे कोण, होटगी म्हणजे कोण, काही ठाऊक नव्हतं. पण होटगीचं अक्षर असं गोल, मोत्यासारखं, की मी मनाशी धरून चालले होते: शिकलेली, नीटनेटकी बाई असणार. केम फटकळ. 'राक्षसाची मालिका वाचू नका, राक्षसाला सुद्धा कंटाळा आलाय,' असं लिहायचं. होटगीची चिठ्ठी नाना पुढच्या गठ्ठ्यातून आणत, नेहमी दोनच ओळी, जपून लिहिलेल्या. 'चित्रात बैलाचे डोळे पाहा. चित्रकाराने बैल सांभाळला असावा.' मग मी ते पान आठवून बैलाचे डोळे नजरेपुढं आणायची, आणि खरंच की.

त्या वर्षी आम्हा तिन्ही स्टेशनांना 'होडीवाली रूपा' या मालिकेनं याड लावलं होतं. नदीवर होडी चालवणारी एक पोर, तिची सगळी साहसं. मी मोठ्यानं वाचायची, आत्याबाई ऐकायच्या. पहिला भाग सुटाच आला होता, पुढं जोड्या; शेवटी सहावा आणि सातवा भाग एकत्र आले. सातव्यात रूपा पुरात बुडते. मी अशी रडले की चुलीवरचं पिठलं करपलं. आणि पोटात काही मावेना. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. सहाव्या भागात ठेवायच्या चिठ्ठीवर मी लिहून बसले, 'सातव्यात रूपा बुडते. रुमाल जवळ ठेवा. जेऊर.'

त्यानंतर दोन महिने गठ्ठा आला नाही. नाना गाडीतून उतरले की मी बघायची, ते नुसती मान हलवायचे. शेवटी एकदा म्हणाले, होटगीनं दोन्ही भाग धरून ठेवलेत. सातवा उघडलाच नाही. कारण विचारलं तर तुमची चिठ्ठी दाखवतात.

मला धरणी ठाव देईना. आत्याबाई जात्यावर होत्या. जातं थांबवून म्हणाल्या, "दुसऱ्याच्या ताटातला घास सांडलास की गं. आता कागद लिवून भागायचं न्हाई. जायला पायजे."

यांनी पास काढला. सकाळच्या पॅसेंजरला आम्ही दोघी निघालो. फडक्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा, आणि होटगीसाठी घरचे धपाटे. वाफेचं इंजिन, लाकडी बाकं. तेव्हा या लाईनीवर खिडकीशी बसायचं तर इंजिनाकडं पाठ करून, नाहीतर कोळशाची कणी डोळ्यात गेलीच. आता कणी नाही, पण गाड्या केमला थांबतीलच असं नाही. चौकशी करून निघा.

केमला गाडी जरा जास्त थांबली. चहावाला खिडकीपाशी आला, पंधरा पैशांचा चहा हातात दिला आणि आत्याबाईंच्या फडक्याकडं बघत म्हणाला, "जेऊरचं दिसता. नाना सांगत हुते, ती रुमालवाली बाई तुमच्याकडंच ऱ्हाती का हो?"

मी पदर पुढं ओढला. आत्याबाई म्हणाल्या, "हीच ती. बघून घे."

म्हणजे केम हा होता. मी मारे एखादा मास्तर समजत होते. त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत, पण टोमणा काही सोडला नाही. दोन महिने झाले, वाचायला काय न्हाई, दूध उतू जाईस्तवर मी रूळ बघत बसतोय, म्हणाला. शिट्टी झाल्यावर गाडीबरोबर चार पावलं चालत आला. "होटगीला सांगा, केमनं रामराम घातलाय. आन्‌ राक्षसाची मालिका खरंच वाचू नका म्हणावं."

सोलापूरला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. होटगीची गाडी तीनला. मला त्या पुस्तकाच्या दुकानात जायचंच होतं, कारण मनात एक आशा धरली होती: आठवा भाग असेल आणि त्यात रूपा जिवंत निघेल. मग सगळंच निस्तरेल. टांगा केला. आत्याबाईंनी टांगेवाल्याशी अशी घासाघीस केली की घोडं वळून बघायला लागलं.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. पण त्या खोलीत जी मजा पाहिली ती मी विसरले नाही. मागावरून उठून आलेला एक पद्मशाली विणकर, दाढीला सुताचे तंतू, आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला एक ऑफिसातला कारकून, दोघं कडाकडा भांडत होते. कारकुनाचं म्हणणं, जादूगाराची मालिका पहिल्या चार भागांतच बरी, पुढं नुसतं पाणी वाढवलंय.

"पाचवा वाचलं का तुमी?" मागवाला म्हणाला.

"नाही."

"मग गप बसा. पाचव्यात काय हाय मी सांगणार न्हाई. घेऊन जावा. उद्या या माझ्याकडं, पाया पडताल."

त्यानं स्वतःच्या हातातला पाचवा भाग कारकुनाला दिला. स्वतः परत एकदा वाचायला घेतला होता तरी. मी बघत राहिले. सांगणार न्हाई, घेऊन जावा. एवढं सोपं होतं, आणि मला सुचलं नव्हतं.

दुकानदाराला मी आठव्या भागाचं विचारलं. तो म्हणाला, "ती सातातच आटोपली, ताई. बुडाली ती बुडाली."

मी माझी भाकरी परत फडक्यात बांधली. आत्याबाईंनी मात्र दीड भाकरी खाल्ली आणि म्हणाल्या, "माफी मागायला उपाशी जाऊ ने. पाय कापत्यात."

होटगी स्टेशनावर विचारलं, नाना गार्ड पुस्तकं कुणाला देतात, तर लाईनीवर काम करणाऱ्या एका खलाशानं रुळाकडेची वाट दाखवली. पुढं फाटक आहे, तिथं. अर्धा मैल चाललो. फाटकाशेजारी दगडी खोली, लिंबाचं झाड, झाडाखाली बाजेवर उशीला टेकून बसलेली एक सुकलेली बाई. मला वाटलं, हीच होटगी. मी वाकून नमस्कार करणार, तोच खोलीतून कपाळाला विभूती लावलेला, पन्नाशीचा उंच माणूस बाहेर आला. हातात हिरवी झेंडी. मी चाचरत म्हणाले, मी जेऊर.

त्यांनी झेंडी खाली केली. "आपण आलात," ते म्हणाले. "बसावे. पाणी घ्यावे."

होटगी म्हणजे हे, फाटकवाले महांतप्पा. शाळा कन्नड, मराठी सगळं चित्रांच्या पुस्तकांतून उचललेलं, म्हणून बोलणंही पुस्तकातलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि विहिरीकडं नेलं. तिथं हळू आवाजात सांगितलं. बाजेवर बसलेल्या त्यांच्या मंडळी गंगव्वा. होळीपासून आजारी. अन्न जाईना. मराठी कळत नाही, म्हणून ते रूपाची गोष्ट कन्नडात सांगत भरवायचे. एका पानाला एक घास. सहावा भाग संपला आणि पुस्तकातून माझी चिठ्ठी पडली.

"आम्ही सातवा उघडला नाही," ते म्हणाले. "पण घास थांबवता येत नव्हता. मग आमच्या मनाने सांगत गेलो. रूपा आता पलीकडच्या काठावर आहे. तिने खानावळ घातली आहे. त्यामुळे पुस्तके परत करण्याचे धैर्य झाले नाही. नानासाहेब सातव्याविषयी काही बोलले तर आमच्या चेहऱ्यावरून ती ओळखेल, अशी भीती वाटली."

मी डोळ्यांना पदर लावला. माझ्या एका ओळीनं या माणसाला दोन महिने रोज नवी गोष्ट रचायला लावली होती.

झाडाखाली परत आलो तर आत्याबाई आणि गंगव्वा गप्पांत रंगलेल्या. आत्याबाईंचं माहेर अक्कलकोटकडचं, कानडी त्यांना मराठीइतकंच येई. मला एक अक्षर कळत नव्हतं. आम्ही पुढचं वाचलेली माणसं आहोत, हे गंगव्वाला तेवढ्यात कळलं असावं. तिनं माझ्याकडं वळून, सरळ डोळ्यांत बघत विचारलं, "रूपा मुंद एनातु?"

रूपाचं पुढं काय झालं. हे समजायला कानडी यावं लागत नाही.

महांतप्पा चहाची किटली हातात धरून तसेच उभे राहिले. मी आत्याबाईंकडं बघितलं. ही बाई उभ्या जन्मात खोटं बोललेली नव्हती. एकदा पास घरी विसरला तर तिकीट तपासनीसाला स्वतः शोधून सांगणारी. त्यांनी धपाट्यांचं फडकं सोडलं, एक धपाटा गंगव्वाच्या हातात ठेवला आणि शांतपणे कानडीत बरंच काही बोलल्या. बोलणं संपलं. गंगव्वा हसली. महांतप्पांनी किटली खाली ठेवली आणि चहा ओतला, अर्धा बशीबाहेर.

मग ते बाजेपाशी बसले आणि गोष्ट सुरू झाली. मला हातवाऱ्यांवरून कळेल तेवढं कळलं. मधे गाडी आली की ते झेंडी घेऊन उठायचे, आणि गोष्ट अगदी नको तिथं तुटायची. गंगव्वा जाणाऱ्या डब्यांना बोटं मोडायची. मालगाडी असली की जास्तच, कारण ती संपता संपत नाही. गाडी गेली की पुढचा भाग. आत्याबाई मला मराठीत सांगायचं पार विसरून गेल्या होत्या, पाय पोटाशी घेऊन लहान पोरीसारख्या ऐकत होत्या. आणि बघता बघता गंगव्वानं दोन धपाटे संपवले.

दिवस कलताना निघालो. दोन्ही भाग महांतप्पांनी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हाती दिले. आधी सहावा, मग थोडं थांबून सातवा. पुन्हा सातवा परत घेतला. "हा नानासाहेबांबरोबर धाडतो," म्हणाले.

गाडीत बसल्यावर मी आत्याबाईंना विचारलं, तुम्ही तिला काय सांगितलंत. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सांगितलं, ही माझी सून येंधळी. पुस्तक पाण्यात भिजवलं, शेवट वाचायच्या आधीच. आता तुजा मालक सांगतोय तेवढीच गोष्ट जगात शिल्लक हाय. आमी तीच ऐकाय आलोय."

"खोटं बोललात?"

"कुटं? ऐकाय बसलेच की." मोहोळ मागं पडलं. मग म्हणाल्या, "आपण उगंच रडलो गं. पिठलं बी घालवलंस."

पुढच्या आठवड्यात नानांनी नवा गठ्ठा आणला. त्यात वेगळी घडी करून एक चिठ्ठी होती, त्याच गोल अक्षरात. 'सातवा भाग फाटकात एकट्याने वाचला. रुमाल लागला. जेऊरचे मत बरोबर होते. आमच्या घरी मात्र हा भाग आलेला नाही. होटगी.'

मीही चिठ्ठी लिहिली, केमसाठी. 'रूपाची मालिका सातव्यात संपत नाही. पुढचे भाग छापलेले नाहीत. होटगीच्या फाटकावर दुपारी दोन गाड्यांच्या मधे मिळतात. जाताना धपाटे न्या.' केम गेला सुद्धा, चहाचं दुकान मेव्हण्यावर टाकून. परत आल्यावर त्याची चिठ्ठी आली, जन्मात पहिल्यांदा टोमण्याशिवाय. नुसतं लिहिलं होतं, 'परत जाणार.'

तुम्ही कधी होटगीला उतरलात तर ते फाटक आता शोधू नका, तिथलं सगळं बदललंय. शेंगाची चटणी मात्र सोलापुरात अजून तशीच मिळते, खलबत्त्यात कुटलेली मागा. माझ्याकडं उरलं काय, तर ती एक चिठ्ठी, डब्यात तळाशी. आणि एक सवय: कुणी विचारलं पुढं काय होतं, तर मी पुस्तक हातात देते.

हे सगळं सईनं आत्ता मोठ्यानं वाचून बघितलं, चुका काढायला. वाचून झाल्यावर मैत्रिणीला फोन लावायला उठली. दारात थांबली. "आज्जी, पण महांतप्पांच्या गोष्टीत रूपाचं शेवटी काय होतं?"

आत्याबाईंनी मला ते नंतर सांगितलं होतं, सगळं, खानावळीपासून शेवटापर्यंत. मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"तिला घेऊन ये," मी म्हटलं. "दोघींना एकदम सांगते. पहिल्या भागापासून."