माहीमला मी वाकलो नव्हतो

सन एकोणीसशे अठ्ठावन्न. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि मला दोन पाय होते. त्यातला एक लाकडाचा.

तो लाकडाचा कसा झाला ते आधीच सांगून टाकतो, कारण लालबागेत त्याच्या नाना तऱ्हेच्या कथा पसरल्या होत्या. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चाळीतली निम्मी माणसं मोर्च्यात आणि उरलेली गॅलरीतून घोषणा देण्यात. तेव्हा माझा पाय गेला तो लढ्यातच गेला, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. अनोळखी माणसं रस्त्यात थांबून विचारायची, "गोळी लागली का हो?"

"नाही," मी सांगायचो. "चप्पल चावली."

मोर्च्याला गेलो होतो हे खरं. पण जाताना नवी कोरी चप्पल घातली (शहाणा माणूस!), ती चावली. अंगात साखर होती ती मला ठाऊक नव्हती. जखम चिघळली आणि डॉक्टरने गुडघ्याखालून पाय उतरवला. हे ऐकून लोक हिरमुसले होऊन निघून जायचे. मी तरी काय करणार? खोटी गोळी कुठून आणू?

पाय गेला, पण पायाची खाज काही गेली नाही. नसलेल्या तळव्याला खाज सुटायची! आता ती खाजवायची कुठे? खाली हात घालावा तर चटई. चटईसुद्धा खाजवून बघितली. बरं वाटत नाही. झोपेत मात्र पाय गुपचूप परत यायचा. मी गिरणीत साच्यापुढे, म्हणजे मागापुढे, उभा असायचो, गावच्या मळ्यातून चालत असायचो, पायाखाली दव लागायचं. त्या गुंगीतच पहाटे उठून मी पहिलं पाऊल टाकायचो ते नेमकं नसलेलं! धप्प! तो आवाज ऐकून माझी बायको, म्हणजे शालूची आई, चूल पेटवायची. गिरणीच्या भोंग्याआधी आमच्या घरात माझा भोंगा व्हायचा.

गिरणीतलं साचेखातं सुटलं. साच्यापुढे पाळीभर उभं राहायचं तर दोन्ही पाय स्वतःचे लागतात. शालूची आई खोलीतच खानावळ चालवायची, तिथे मी वाटाणे सोलायला बसलो. अशातच शालूला माहीमचं स्थळ आलं.

शालू माझी एकुलती एक. मुलाचं नाव वसंत, छापखान्यात कामाला. त्याला बघितल्यापासून शालू भाकऱ्या करपवायला लागली, त्यावरून आम्ही काय ते ओळखलं. सगळं जुळलं होतं. अडलं ते एका रीतीवर. त्यांच्याकडे सुपारी फोडायच्या आधी मुलीच्या बापाने मुलाकडच्या वडीलधाऱ्याच्या पाया पडायचं. वसंताला वडील नव्हते, काका होते. पोस्टातून पेन्शनीत निघालेले, सगळे त्यांना नाना म्हणत. म्हणजे मी नानांच्या पाया पडायचं! मी गिरणीतल्या जॉबरपुढे कधी मान वाकवली नाही. पेन्शनीतल्या माणसापुढे कमरेतून वाकू?

आमच्या शेजारचा भिवा मध्यस्थ होता. तो एक दिवस हसत हसत आला.

"गणपा, काम फत्ते! मी नानांना सांगितलं, पायामुळे त्याला वाकता येत नाही. ते म्हणाले, मग राहू दे, बिचाऱ्याला कशाला त्रास?"

"मला वाकता येत नाही असं कोण म्हणालं?"

"म्हणजे येतं?"

"येतं."

"मग वाकशील?"

"नाही."

भिवा खालीच बसला. मी तिथल्या तिथे वाकलो आणि वाटाण्याचं भरलेलं घमेलं उचलून दाखवलं. "बघ नीट. मला वाकता येतं, पण मी वाकत नाही. नानांना जाऊन असंच सांग. आणि माझ्या पायाला मध्ये आणायचं नाही."

"अरे, आयतं निमित्त मिळालंय रे!"

"निमित्त भिकाऱ्याला लागतं."

भिवा (गाढव!) खरंच तसं सांगून आला. उलट निरोप आला तो थंडगार. 'मग आम्हालाही विचार करावा लागेल. रविवारी जेवायला या, समोरासमोर बघू.' त्या रात्री शालूची भाकरी करपली नाही. तिने केलीच नाही.

रविवारी सकाळी शालूनेच माझ्या लाकडी पायाचे पट्टे आवळले. मान वर न करता म्हणाली, "बाबा, मी काय मागत नाही तुमच्याकडे. फक्त भांडू नका."

"मी कुठे भांडतो?"

"तुम्ही 'मीठ द्या' म्हणालात तरी भांडल्यासारखं वाटतं."

पाय लावून एवढ्या लांब मी पहिल्यांदाच निघालो होतो. बरोबर शालूची आई आणि भिवा, शालू घरीच. दादरपर्यंत ट्राम, पुढे बस. ट्राममध्ये एका धष्टपुष्ट बाईंनी माझ्या लाकडी पायावर पाय दिला आणि त्यावर उभ्याच राहिल्या. मला काय कळणार? मी बाहेर बघत होतो. झाडांच्या सावल्या ट्रामवरून सरकत होत्या, इस्पितळानंतर सगळी मुंबई मला कशी धुऊन वाळत घातल्यासारखी दिसत होती. बऱ्याच वेळाने बाईंचं लक्ष गेलं. "अगंबाई! मेलं माझं ध्यान कुठे!" म्हणत त्यांनी माझ्या बुटाला हात लावून नमस्कार केला. "केवढे हो सोशिक तुम्ही! हूं का चूं नाही केलंत!"

"सवय आहे," मी म्हटलं.

शालूच्या आईने कोपराने ढोसलं. "माहीमाक पण असेच सोशिक ऱ्हवा."

नानांचं घर माहीमच्या कोळीवाड्याला लागून, पुढे बैठा ओटा. नाना दारातच उभे. गोरे, उंच, हात जोडलेले, पण चेहरा टपालपेटीसारखा बंद.

"यावं. चपला तेवढ्या बाहेर काढा हं, आत देव आहेत."

आली का पंचाईत! माझ्या लाकडी पायाला खाली बूट ठोकून बसवलेला. शालूची आई घाईघाईने म्हणाली, "ह्यांचो बूट नाय निघणा. तो पायाकच..."

"काही हरकत नाही," नाना म्हणाले. "अडचण असेल तर राहू द्या. आम्ही समजून घेऊ."

समजून घेऊ! माझ्या कानशिलाची शीर उडाली. मी ओट्यावर बसलो, पट्टे सोडले आणि अख्खा पाय काढून चपलांच्या रांगेत नीट उभा करून ठेवला.

"काढला," मी म्हटलं. आणि भिवाच्या खांद्यावर हात टाकून लंगडी घालत आत गेलो.

एवढ्यात दारावर मासळीवाली आली आणि बाहेरूनच किंचाळली, "अगो बाय! यो कोन आर्धाच हुबा हाय?" तिला समजावता समजावता नानांच्या घरातली दोन माणसं खर्ची पडली.

जेवायला नाना माझ्या शेजारच्या पाटावर बसले. सुरमईचं कालवण अप्रतिम होतं, पण पंगतीत आवाज फक्त भुरक्यांचा. वसंता मान खाली घालून भात कालवतोय, तो कालवतोच आहे. शालूच्या आईने तर कालवण नुसतं ताटात फिरवलं. जेवणं झाली. मधोमध पानाचं तबक आलं. त्यात ती सुपारी, न फोडलेली. सगळे सुपारीकडे बघतायत आणि सुपारी माझ्याकडे!

नाना म्हणाले, "गणपतराव, जरा टेकू या. मग बोलू काय ते."

आम्ही दोघे शेजारी शेजारी भिंतीला टेकून बसलो. नानांनी मांडी मोडून पाय लांब केला. मी मनात वाक्य जुळवत होतो. असं सांगायचं, तसं सांगायचं, मान सोडायची नाही आणि सोयरीकही सोडायची नाही. खाडीवरून वारा येत होता. खिडकीचा पडदा फुगायचा आणि दमून खाली बसायचा. कुठेतरी जाळी वाळत घातली होती त्यांचा खारट वास. डोळा कधी लागला कळलं नाही.

बघतो तर मी गावच्या ओहोळावर. दगडावर बसून दोन्ही पाय पाण्यात सोडलेले. दोन्ही! पाणी हिरवं, गार, इतकं स्वच्छ की तळाचे खडे मोजून घ्यावेत. वरून बांबूंची कुरकुर ऐकू येतेय. बारीक मासे येतात, तळव्याला टोचतात, पळतात. एक मात्र अंगठ्याच्या खाली चिकटला तो हटेना. गोड, असह्य खाज! मी वाकलो, पाण्यात हात घातला आणि खाजवलं.

आणि काय सांगू! बरं वाटलं! पाय गेल्यापासून पहिल्यांदा हाताला पाय लागला. ऊन, जिवंत, पाचही बोटं जागच्या जागी. मी नखं लावून खाजवला. मग दुसराही हात लावला. 'अरे, कुठे होतास इतके दिवस?' म्हणत कुरवाळला. हा पुन्हा जाईल या भीतीने घट्ट धरून त्यावर कपाळ टेकलं. डोळ्यांना धार लागली.

"गणपतराव... पुरे! पुरे हो!"

ओहोळ बोलायला लागला म्हणून मी डोळे उघडले. माझ्या दोन्ही हातांत नानांचा पाय होता. माझं कपाळ त्यावर. पाय भिजलेला. आणि नानांचे डोळेसुद्धा!

"आमच्या रीतीत नुसता हात लावायचा असतो हो," नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तुम्ही तर... उठा, उठा! मी उगाच अडून बसलो. एवढं मन असलेला माणूस आमच्या कुळात आजवर झाला नाही."

"अहो नाना, ते मला..."

"भिवा!" शालूची आई कडाडली. "सुपारी फोड!"

मी तोंड उघडेपर्यंत भिवाने अडकित्ता चालवला होता. कट्ट! झालं. वसंता रडवेला हसत होता. शालूची आई तबकातली साखर सगळ्यांच्या तोंडात कोंबत होती. माझ्या तोंडात तर मूठभर कोंबली (साखर! मला!), म्हणजे बोलायची सोयच राहू नये.

परतीच्या बसमध्ये मी एवढंच म्हटलं, "मी वाकलो नाही. मला खाज आली होती."

"आली आसात," शालूची आई म्हणाली. "पण तां आता तोंडातसून भायर काढू नकात. पोरगी वाट बघता."

शालू गॅलरीत उभी होती. आईचा चेहरा बघूनच तिला कळलं. ती जिना उतरून धावत आली आणि सगळ्या चाळीदेखत माझ्या गळ्यात पडली. "बाबा, तुम्ही माझ्यासाठी वाकलात!" आता अशा वेळी तिला काय सांगू? की बाई, मासा होता?

जेवलो, आडवा झालो, पण झोप कुठली! अख्ख्या चाळीत भिवा वर्णन करत फिरत होता, "असा पाय धरला, असा धरला, की सोडीचना!" लोक खोलीत डोकावून माझ्याकडे कौतुकाने बघत होते. गोळीची कथा मी पसरू दिली नव्हती, ही कशी पसरू देऊ? लाकडासारखा ताठ उभा राहिलेला गणपत शेवटी मुलगी उजवण्यासाठी रडत पायावर पडला, हे ऐकत उभा जन्म काढायचा? सुपारी फुटली होती. फुटलेली सुपारी नानांसारखा माणूस काही परत जोडत नाही. तेव्हा खरं सांगायला आता धोका नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कोणी उठायच्या आत मी पाय लावला, काठी घेतली आणि एकटा माहीमला गेलो. ट्राम, बस, सगळं एकट्याने. वाटेत वाक्य पाठ केलं: 'नाना, काल मी तुमच्या पाया पडलो नाही. माझा पाय समजून तुमचा खाजवला. मी कोणापुढे वाकत नाही, हे आपलं ठाऊक असावं.'

नाना नुकताच ओटा धुऊन पायरीवर दात घासत उभे होते. मला बघून त्यांनी तोंडातली राखुंडी थुंकली. मी छाती काढली, काठी ठोकली आणि ओल्या फरशीवर लाकडी पाय रोवून म्हटलं, "नाना, काल मी..."

पाय सर्रकन एकीकडे, काठी दुसरीकडे, आणि मी मधोमध पालथा! कपाळ नेमकं नानांच्या दोन्ही पावलांवर. काल नुसते हात आणि डोकं होतं, आज अख्खा साष्टांग!

नानांनी घरात तोंड करून हाक मारली, "अगं, चहाचं आधण ठेव. व्याही आलेत! आणि उद्यापासून जरा लवकर ठेवत जा, हे रोजच येतील असं दिसतंय."

मी पालथ्यापालथ्याच सांगितलं, "साखर नको."