उन्हात बघून सांगतो

माझे धाकटे दीर कोंडिबा मुंबईत एका जवाहिऱ्याकडं कच्चे नीलम पारखायचे. पैलू पाडायच्या आधी नीलम म्हंजे मळकट खडाच की! भावजी तो पाण्यात बुडवायचे, चिमटीत धरून उन्हात फिरवायचे. रंग आतपर्यंत हाय का नुसता कडंला, चीर कुटं गेलीया, सगळं सांगायचे. एकसष्ट साली दुकान बसलं, तसे ताम्हिणीला परतले. पण ऊन असल्याबिगर खड्याविषयी शबुद काढायचा न्हाई, ही सवय काय सुटली न्हाई. ढगाळ उजेडात निळा रंग फसवतो म्हनं.

पुढच्या आखाडात वरच्या वाडीचा धाकलू आला. रस्त्याच्या कामावरचा मजूर. पावसानं काम बंद हुतं. सुरुंगानं फोडलेल्या दरडीत त्याला एक निळा खडा गावला हुता.

"कोंडिबादादा, नीलम असंल तर माझ्या बायकूला, पारूला, भिंतीचं घर बांधीन. कुडातनं पानी येतंया, पोरगं सारखं खोकतंया."

भावजींनी खडा तळहातावर तोलला, जिभंला लावला. त्यांचं तोंडच उतरलं. मी चुलीपाशी बसून बघत हुते, मला तितंच कळलं. पण बोलले काय? "ऊन पडू दे. उन्हात बघून सांगतो."

अहो, आखाडात ताम्हिणीला कुटलं ऊन!

"भावजी, न्हाई तर न्हाई म्हना की त्याला," मी धाकलूला ऐकू जाऊ न देता हळूच म्हटलं. तर दबक्या आवाजात माझ्यावरच खेकसले, "वैनी, तुमी भाकरी थापा."

खोटा असता तर दादानं तोंडावर सांगितलं असतं, असंच धाकलूनं धरलं. खडा आमच्याकडं ठेवून हसत गेला. आनखी खडं काढाया भर पावसात त्या दरडीत शिरायला लागला. एक दिवस दरड अंगावर आली. पहारीसकट गाडला गेला बिचारा.

श्रावणात ऊन पडलं, तशी पारू आली. पोरगं कडंवर. "दादा, आता बघा."

खरा म्हना, असं मला लई वाटलं. पण खरा म्हटलं तर तिचा भाऊ भिकू उद्या त्याच दरडीत शिरंल, ह्ये बी ठावं हुतं. भावजींनी खडा उन्हात धरला.

"नीलम न्हाई, पारू. साधा दगुड हाय."

"आज कळलं व्हय?"

भावजींनी मान खाली घातली. "न्हाई. त्याच दिवशी कळलं हुतं."

पारूनं खडा मागून घेतला, पदराला बांधला आन् गेली.

त्यानंतर भावजी मरेपर्यंत, ऊन पडलं की घरात येऊन बसायचे.