इशबेलने काढायचे दोरे

स्कॉटलंडमधल्या आमच्या कीथ गावात इशबेल गेडीसच्या हातचा किल्ट, म्हणजे पुरुषांचा चुण्यांचा लोकरी घागरा, नसलेला पुरुष शोधायचा, तर तिच्याच घरात जावं. तिचा नवरा वॉटी. गावच्या बँडमध्ये बॅगपाइप वाजवतो, आणि अंगावर कायम त्याच्या आईने शिवलेला, कसर लागलेला किल्ट. आई जाऊन किती वर्षं झाली, तरी तोच. का बरं? मी समोरच राहते. नको तिथे नाक खुपसायची मला खोड आहे, पण याचा काही पत्ता लागत नव्हता.

यंदा उन्हाळी खेळांच्या तोंडावर जुन्या किल्टचा पट्टा वॉटीच्या पोटावर लागेना. इशबेलने गुपचूप नवं कापड काढलं. मी चहाचं निमित्त करून जाऊन बसायची. तिने चौकडीला चौकडी जुळवत चुण्या शिवल्या, मग खाली काठापर्यंत, घालायच्या वेळी काढून टाकायच्या पांढऱ्या कच्च्या दोऱ्याने जखडून टाकल्या. वर ओलं फडकं आणि जड इस्त्री. घासायची नाही, नुसती ठेवून दाबायची.

"घालेल का गं तो?" मी विचारलं.

"इस्त्री धरायला सासूबाईंनीच शिकवलं," ती म्हणाली. "आणि मरता मरता म्हणाल्या, तुझ्या चुण्या आठवडाभरात फिसकटतील. हा तिथेच उभा. तोंडातून ब्र काढला नाही. तेव्हापासून तो मागत नाही, मी विचारत नाही. आता हा नाही घातला ना एफी, तर मी पुन्हा सुई धरणार नाही."

मला त्या म्हातारीचा असा संताप आला, की कबरीतून उठवून भांडावंसं वाटलं.

खेळांच्या सकाळी इशबेलने किल्ट पलंगावर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. वॉटीला घ्यायला बँड दारात जमला होता. वॉटी बाहेर आला तो नव्या किल्टमध्येच. पण पाठ वळवली आणि सगळे हसत सुटले. मागे नुसते पांढरे दोरे, पाऊलसुद्धा धड टाकता येईना.

"किल्ट शिवणारीच्या पोटी जन्मलास, आणि दोरे काढायचे कळत नाही होय रे?" ड्रमवाला डगल म्हणाला.

"कळतं की," वॉटी म्हणाला. "आमच्यात घालणाऱ्याने ते काढायचे नसतात. जिने शिवला तिने, अंगावर चढवल्यावर काढायचे. आई काढायची." मग दाराकडे तोंड करून, "इशबेल, ये बाहेर."

ती कात्री घेऊन आली आणि पायरीवर गुडघे टेकून बसली. बँडकडे बघत घाईघाईने पहिला दोरा ओढू लागली.

"सावकाश काढ," वॉटी म्हणाला. "थांबेल बँड."